आईच्या फोनवर क्रोममध्ये लोकेशन ब्लॉक झालंय, परत चालू कसं करू? आणि आत्तापर्यंत कुणाकुणाला दिलंय ते कुठे दिसतं?

कर्वेनगरची_लेक

नमस्कार मंडळी. आई कर्वेनगरला एकटी राहते आणि मी वाकडला, त्यामुळे तिच्या फोनची कामं रविवारी गेले की करायची, नाहीतर मग फोनवरून "वर तीन टिंबं दिसतायत का, ती दाब, नाही गं ती नाही" असं अर्धा तास. तर झालंय असं की तिची शुगर आणि थायरॉइडची तपासणी करायला लॅबचा माणूस घरी येतो, त्यांचं ॲप नाहीये, नुसती वेबसाईट आहे, ती क्रोममध्ये उघडते. तिथे "माझं लोकेशन वापरा" असं बटण आहे ते दाबलं की लाल अक्षरात येतं लोकेशनची परवानगी नाकारली आहे, आणि गाडी तिथेच अडते. आधी तो परवानगी विचारणारा चौकोन यायचा, आता तोही येत नाही. आई म्हणते मी काहीही दाबलेलं नाही. (सगळ्या आया हेच म्हणतात, माहितीये.)

फोनचं लोकेशन चालू आहे, मॅप्समध्ये निळा ठिपका बरोब्बर आमच्या सोसायटीवर दिसतो. मग क्रोमलाच काय धाड भरलीय?

दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. कुठल्याही साईटने काही विचारलं की ती "हो" म्हणून मोकळी होते, साड्यांच्या दुकानाची साईट, कुठलंतरी पंचांग, हवामान, सगळ्यांना. ॲप असतं तर उडवलं असतं, पण वेबसाईट उडवायची कशी? आणि साईट बंद केल्यावरही ती मागून बघत बसते का, की ही कुठे चाललीय? भाऊ म्हणतो ब्राउझरचा सगळा डेटा साफ कर, पण मग तिचे पासवर्ड जातील आणि ते परत मलाच निस्तरावं लागेल.

फोन अँड्रॉइड १३, भाषा मराठी ठेवलेली आहे.

पेठी_खवचट

लोकेशन कशाला हवंय पण? पत्ता टाईप करा, पिनकोड ४११०५२ टाका, खाली "मारुती मंदिराच्या मागे" लिहा, माणूस येतो. आमच्या पेठेत तर मॅपवर विसंबून आलेला माणूस बोळाच्या तोंडाशी उभं राहून फोनच करतो, "काका, बाहेर या".

कर्वेनगरची_लेक

अहो पिनकोडचा रकानाच नाहीये त्यांच्याकडे, तीच तर बोंब आहे. असता तर इथे कशाला आले असते.

खटपट्या_धनकवडी

ताई, आधी एक सांगतो, आई खरं बोलत असण्याची बरीच शक्यता आहे. क्रोमचा असा नियम आहे की परवानगीचा चौकोन आला आणि माणसाने हो-नाही काहीच न म्हणता तो नुसता बंद केला, बॅक दाबून वगैरे, तर क्रोम ते मोजतो. एकाच साईटच्या बाबतीत तीनदा असं झालं की क्रोम स्वतःच ठरवतो की या माणसाला हे नकोय आणि त्या साईटला आठवडाभर ब्लॉक करून टाकतो, चौकोन दाखवतच नाही. म्हणजे "नको" कुणीच दाबलेलं नसतं तरी साईटला उत्तर "नाकारलं" असंच जातं. आठवड्याने आपोआप परत विचारेल पण शुगर तोवर थांबणार नाही, म्हणून हाताने काढून टाका.

आता मॅप्सच्या ठिपक्याचं. त्याच्यावरून एवढंच कळतं की फोनचं लोकेशन चालू आहे आणि मॅप्स या ॲपला ते मिळतंय. क्रोमचा त्याच्याशी संबंध नाही. वेबसाईटला लोकेशन मिळायला तीन ठिकाणी हो असावं लागतं, फोनचं मेन बटण, मग क्रोम या ॲपला अँड्रॉइडने दिलेली परवानगी, मग क्रोमच्या आत त्या एका साईटला दिलेली. एकीकडे जरी नाही असलं तरी साईटला नाहीच ऐकू येतं, आणि कुठे अडलं ते ती सांगू शकत नाही कारण तिला ते कळतच नाही.

पहिलं तुमचं चालू आहे. दुसऱ्यासाठी क्रोमच्या आयकॉनवर बोट दाबून धरा, ॲपची माहिती उघडा, परवानग्या, त्यात स्थान. तिथे "ॲप वापरत असताना" असायला हवं. कुणी "दर वेळी विचारा" किंवा "फक्त या वेळी" केलं असेल तर तेच दुखणं असू शकतं. त्याच पानावर खाली "अचूक स्थान वापरा" असं एक बटण असतं तेही बघून ठेवा.

तिसरं, लॅबची साईट उघडा, वर जिथे पत्ता दिसतो त्याच्या डावीकडे एक छोटं चिन्ह असतं, दोन आडव्या रेघांवर गोळे असतात तसं (२०२३ च्या आधीच्या क्रोममध्ये तिथे कुलूप होतं), ते दाबलं की परवानग्या दिसतात, तिथून स्थान चालू करा. मग पान रिफ्रेश करा, हे विसरू नका, नाहीतर पान जुनंच उत्तर धरून बसतं आणि तुम्हाला वाटतं काही झालंच नाही.

हिंजवडी_शिफ्टवाला

मी वेबसाईटी बनवतो म्हणून जरा आतली गोष्ट. ब्राउझर साईटला लोकेशन देऊ शकला नाही तर तीनपैकी एक कारण पाठवतो. १ म्हणजे परवानगी नाही, २ म्हणजे परवानगी आहे पण जागाच सापडत नाहीये, ३ म्हणजे शोधतोय पण दिलेल्या वेळेत जमलं नाही. साईट बनवणाऱ्याने तिन्हींना वेगवेगळे मेसेज लिहायचे असतात, पण अर्ध्या साईटींवर तिन्हींना मिळून एकच लाल वाक्य ठोकलेलं असतं, "परवानगी नाकारली". त्यामुळे त्या वाक्यावर फार जाऊ नका. जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात आतल्या खोलीत बसून केलं, वायफाय बंद, तर जीपीएसला आकाशच दिसत नाही, ३ नंबर येतो आणि साईट मात्र खापर तुमच्यावर फोडते. आईंना एकदा गॅलरीत जाऊन बघायला सांगा.

अजून एक, परवानगी ही पूर्ण पत्त्याला असते. पुढे डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू असलेली साईट वेगळी आणि नसलेली वेगळी, बुकिंगचं पान दुसऱ्या सबडोमेनवर (त्याच साईटचा, पण पुढचा शब्द वेगळा असलेला पत्ता) असेल तर तेही वेगळं. म्हणजे मुख्य पानाला हो म्हटलं तरी बुकिंगच्या पानावर परत विचारणार. लोकांना वाटतं साईट वेड्यासारखी तेच तेच विचारतेय. आणि पत्ता साध्या एचटीटीपीवर असेल, शेवटी सुरक्षित जोडणीचा एस नसलेला, तर विचारायचा प्रश्नच नाही, क्रोम २०१६ पासून (५० नंबरची आवृत्ती) अशा साईटला लोकेशन देतच नाही.

आणि पिनकोडचा रकाना न देणाऱ्या साईटवाल्याला माझ्याकडून दोन शिव्या. रक्त घ्यायला जायचंय, क्षेपणास्त्र सोडायचं नाहीये.

पेठी_खवचट

हेच मी वर म्हणालो तर मला खवचट म्हणतात.

माणिकबागेतला

"अचूक स्थान"वर माझे दोन पैसे, कारण मला त्याने चांगलंच छळलंय. अँड्रॉइड १२ पासून ॲपला लोकेशन देताना अचूक द्यायचं की अंदाजे हे निवडता येतं. मी मोठ्या हौसेने क्रोमला अंदाजे दिलं, म्हटलं कशाला यांना माझ्या बिल्डिंगपर्यंत आणायचं. तर अंदाजे म्हणजे साधारण ३ चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात कुठेतरी. हवामानाला ते पुरतं, पाऊस काय सोसायटी बघून पडत नाही. पण एका डबेवाल्या साईटने मला नदीपलीकडे टाकलं, म्हणजे थेट तुमच्या कर्वेनगरात, आणि तिथल्या किचनमधून डबा येणार म्हणून वेळ दाखवली. नकाशावर सरळ रेघ मारली तर काहीच अंतर नाही हो, पण मध्ये मुठा आहे आणि संध्याकाळी राजाराम पूल ओलांडून यायचं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. डबा आला तेव्हा वरणाचं पिठलं झालेलं.

ताई, तुमच्या केसमध्ये आईंच्या क्रोमला अंदाजे दिलेलं असेल तर परवानगी मिळूनही "तुमच्या भागात सेवा नाही" असं येऊ शकतं. पिन नदीच्या कुठल्या काठावर पडलीय ते बघूनच पुढे जा.

कर्वेनगरची_लेक

झालं!! व्हिडिओ कॉलवर आईकडून करून घेतलं. क्रोम ॲपला परवानगी होतीच, अचूकही चालू होतं, साईटच्या त्या गोळ्यांच्या चिन्हातच ब्लॉक दिसत होतं. चालू केलं, रिफ्रेश केलं, उद्या सकाळी सातचा स्लॉट मिळाला. आईला ते तीनदा बंद करण्याचं वाचून दाखवलं तर आता ती मला ऐकवतेय, आणि मावशीलाही फोन करून सांगितलंय. @खटपट्या_धनकवडी तुमच्यामुळे घरात माझी किंमत कमी झालीय, तरीही धन्यवाद.

आता दुसरा भाग राहिला. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साईट सेटिंग्ज, त्यात स्थान, तिथपर्यंत पोचलो. अनुमती असलेल्या साईटींची ही भली मोठी यादी आहे! त्यात गुगलचाही पत्ता आहे, तो तिने नक्कीच स्वतः दिलेला नाही (आता मी तिच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय). एकेक काढत बसू की भाऊ म्हणतो तसं सगळं साफ करू?

खटपट्या_धनकवडी

भावाचं ऐकू नका. म्हणजे तो अगदीच चूक नाहीये पण लग्नाला निघाला आणि दहाव्याला पोचला असं होईल. ब्राउझिंग डेटा साफ करायच्या पानावर बारीक बघितलंत तर प्रत्येक गोष्टीला वेगळी टिक असते, हिस्टरी वेगळी, कुकीज (साईटने फोनवर ठेवलेल्या खुणा, लॉगिन त्यावरच टिकतं) वेगळ्या, सेव्ह केलेले पासवर्ड वेगळे, आणि साईट सेटिंग्ज वेगळी. लोकेशनच्या परवानग्या त्या शेवटच्या टिकेत येतात. फक्त तेवढीच टिक केली तर पासवर्डला धक्का लागत नाही. पण मग हो म्हटलेल्या साईटींबरोबर नाही म्हटलेल्याही पुसल्या जातात, नोटिफिकेशनचे नकारसुद्धा, म्हणजे उद्यापासून प्रत्येक साईट नव्याने आईंना विचारणार आणि आई परत हो म्हणणार. मूळ पदावर आलो.

त्यापेक्षा यादीतल्या नको त्या साईटवर बोट ठेवा आणि ब्लॉक करा. ब्लॉक केलं की ती परत विचारूही शकत नाही. तिथेच "डेटा हटवा आणि परवानग्या रीसेट करा" असाही पर्याय दिसेल, त्याने त्या साईटच्या कुकीजही जातात, म्हणजे तिथे लॉगिन असेल तर बाहेर पडाल. साड्यांच्या दुकानासाठी ते बरंच आहे म्हणा.

गुगलचं असं आहे की मोबाईलवर क्रोमला लोकेशन दिलेलं असलं की जे डीफॉल्ट सर्च इंजिन असेल त्याला ते आपसूक मिळतं, वेगळं विचारत नाही. "जवळचं मेडिकल" टाकलं की कर्वेनगरचं येतं ते त्यामुळे. नको असेल तर त्यालाही त्याच यादीतून ब्लॉक करता येतं. मी केलेलं नाही, मला मेडिकल लागतं.

बंद केल्यावर बघते का, तर नाही. टॅब समोर असेपर्यंतच साईटला लोकेशन मिळतं, दुसऱ्या टॅबवर गेलात किंवा फोन लॉक केलात की क्रोम ते थांबवतो. पण समोर उघडी ठेवून चालत राहिलात तर ती तुमच्याबरोबर चालत राहू शकते, बदलतं लोकेशन सतत मागायची सोय असते त्यात. आणि जे एकदा घेतलं ते त्यांच्या सर्व्हरवर गेलं, परवानगी काढल्याने ते परत येत नाही.

आईंच्या मागे साड्या लागल्यात ते बहुतेक लोकेशनमुळे नाही, नोटिफिकेशनमुळे असेल. तेही त्याच साईट सेटिंग्जमध्ये आहे, एक ओळ इकडेतिकडे. ते आधी आवरा, निम्मा त्रास जाईल.

शनिवारातला_शंकेखोर

सगळं ब्लॉक केलं म्हणजे आपण अदृश्य झालो असं कुणी समजू नका एवढंच सांगायला आलो. आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट कनेक्शनचा नंबर, तर जातोच प्रत्येक साईटला, त्यावरून गावाचा अंदाज येतो. माझ्या मोबाईल डेटावर कधी मुंबई दाखवतं, घरच्या वायफायवर पुणे. म्हणून "पुण्यातल्या गृहिणीने काय केलं बघा" छापाच्या जाहिराती लोकेशन न देताही येतात. व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्याच गावातून फिरवून आणणारी सोय) लावला तर आयपी बदलतो पण जीपीएस बदलत नाही, साईटला परवानगी दिली असेल तर व्हीपीएन सिंगापूरचा आणि ठिपका शनिवारवाड्यापाशी.

अँड्रॉइड १२ च्या पुढे प्रायव्हसी डॅशबोर्ड आहे, गेल्या २४ तासांत कुठल्या ॲपने लोकेशन घेतलं ते वेळेसकट दिसतं. पण तिथे नुसतं "क्रोम" दिसतं, क्रोमच्या आत कुठली साईट होती ते दिसत नाही. म्हणजे चोर कुठल्या बिल्डिंगमध्ये आहे ते सांगणार, फ्लॅट नाही सांगणार.

बाकी २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात लिहिलंय की संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं असावं. आता इथे हो म्हणायला एक टिचकी आणि काढायला अख्खा धागा.

धायरीफाटा

थोडं अवांतर, पण विषय निघालाच आहे म्हणून. आम्ही सांगलीहून इकडे आलो तेव्हा राउटरही उचलून आणला. नंतर बरेच दिवस लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये लोकेशन द्यावं तर सांगलीचं विश्रामबाग! आयपी वगैरे सगळं नवीन कनेक्शनचं, तरी. हे कसं काय?

हिंजवडी_शिफ्टवाला

राउटरमुळेच. लॅपटॉपला जीपीएस नसतं बहुतेक वेळा, मग ब्राउझर आजूबाजूला कुठकुठले वायफाय दिसतायत त्यांचे नंबर पाठवून विचारतो की हे कुठे असतात. कंपन्यांच्या यादीत तुमचा राउटर सांगलीलाच नोंदवलेला होता. जीपीएसवाले फोन आसपास फिरत राहिले की हळूहळू यादी सुधारते. आपला राउटर या यादीत नकोच असेल तर वायफायच्या नावाच्या शेवटी इंग्रजीत अंडरस्कोअर आणि नोमॅप लावतात, गुगल ते पाळतं. पण मग घरातले सगळे फोन परत जोडत बसावे लागतात, त्यामुळे कुणी करत नाही.

सहकारनगर_सीमा

आयफोनवर हे सगळं कुठे असतं? सासऱ्यांकडे आहे, सफारी वापरतात.

खटपट्या_धनकवडी

सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकेशन सर्व्हिसेस, त्या यादीत "सफारी वेबसाइट्स" अशी एक ओळ आहे. तिथे "नेव्हर" असेल तर कुठलीच साईट विचारू शकणार नाही, "ॲप वापरताना" ठेवा. अचूक लोकेशनचं बटणही तिथेच आहे, आयओएस १४ पासून. एकेका साईटचं बघायचं तर सफारीत ती साईट उघडून पत्त्याच्या पट्टीतलं बटण दाबा, वेबसाईट सेटिंग्ज, लोकेशन. आयफोनवर क्रोम वापरत असतील तर त्याची त्या यादीत वेगळी ओळ असते, सफारीचं बदलून क्रोमला काही होत नाही.

कर्वेनगरची_लेक

शेवटचा प्रश्न, मग पिडत नाही. आता चौकोन आला की आईला काय दाबायला सांगू? त्यात "या वेळी"पण असतं ना.

खटपट्या_धनकवडी

लॅबला "साईटवर असताना", बाकी सगळ्यांना "या वेळी". या वेळी म्हटलेलं साईट बंद केली किंवा बराच वेळ मागे पडली की आपोआप जातं. शिवाय बरेच दिवस न उघडलेल्या साईटींच्या परवानग्या क्रोम स्वतःहूनही काढून घेतो, त्यामुळे पुढच्या तपासणीला काही महिन्यांनी लॅबची साईट परत विचारायला लागली तर घाबरू नका.

शनिवारातला_शंकेखोर

मला नाही पटत. वयस्कर माणसाला प्रत्येक वेळी निवडायला लावणं म्हणजे आज ना उद्या चुकीचं दाबणारच. लॅबला कायमची परवानगी द्या आणि साईट सेटिंग्जमधलं स्थानाचं मुख्य बटणच बंद करून टाका, नवीन कुणी विचारूच शकत नाही. आमच्या तीर्थरूपांना तसंच करून दिलंय.

खटपट्या_धनकवडी

आणि मग ट्रॅव्हल्सच्या साईटवर जवळचा थांबा दिसत नाही म्हणून तीर्थरूप तुम्हाला ऑफिसात फोन करत असतील.

शनिवारातला_शंकेखोर

ते तसेही करतात.

माणिकबागेतला

ताई, एक राहिलं. लॅबवाले लिंक व्हॉट्सॲपवर पाठवत असतील तर ठीक, ती क्रोममध्येच उघडते, आत्ता दिलेली परवानगी लागू होते. पण फेसबुक-इन्स्टावरून एखादी लिंक दाबली तर ती बऱ्याचदा त्या ॲपच्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते, तिथे क्रोमचं काही चालत नाही, परवानगी त्या ॲपची लागते आणि आई हो म्हणाल्या तर ती फेसबुकला जाते. तशा पानावर वर तीन टिंबं असतात, ती दाबून "ब्राउझरमध्ये उघडा" करायला शिकवून ठेवा.